पाणबुडीतला माणूस बेसमेंटमध्ये का उतरेना

शिकागोच्या एका उपनगरात मी इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम विभागात नोकरी करत होते. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मोठा पाऊस झाला की लोकांच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरायचं, आणि पाणी शिरलं की खाली पडलेल्या फाटक्या सोफ्याचा क्लेमच्या कागदावर एका दिवसात नवाकोरा लेदरचा सोफा व्हायचा. मी जायचे, सोफ्याचा ओला कोपरा दाबून बघायचे, वास घ्यायचे, आणि घरमालकाला म्हणायचे, आता शेवटापासून सांगा. शेवटी मला फोन केलात, त्याच्या आधी काय केलंत? त्याच्या आधी? बनवून आणलेली हकीकत सुरुवातीपासून सांगताना पाण्यासारखी वाहते. शेवटाकडून विचारलं की तिला ठेच लागते. खरं सांगणारा माणूस कुठूनही सांगतो, मध्येच विसरतो, परत जातो, पण अडकत नाही.

एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर माझा स्वभावच तसा झाला, असं माझा नवरा म्हणतो. माझं म्हणणं, स्वभाव होताच, कंपनीने त्याचा पगार दिला.

म्हणूनच भाचीच्या लग्नाची चौकशी माझ्याकडे आली. माझी थोरली बहीण पुण्याला. तिची मुलगी एमएस करायला म्हणून आली ती आमच्याकडेच राहिली, आणि नोकरी लागल्यावरही राहिली. ऑफिसातल्या एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा मराठी, कामाचा, जेवल्यावर स्वतःचं ताट घासणारा. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. पण आपल्याकडे लग्न एकट्या मुलाशी होत नाही. त्याचे आईवडील पुण्यातच, कोथरूडला राहत होते, आणि त्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते.

बहिणीचा फोन आला. त्या काळात कॉलिंग कार्डावर बोलायचं, त्यामुळे आम्ही दोघी तारेच्या भाषेत बोलायचो.

"माणसं बघून घे."

"बघते."

"मुलाचा बाप नेव्हीत होता. आधी पाणबुडीत, मग विमानात. असं कुठे असतं का?"

"मला काय माहीत?"

"मग विचार. आणि मधूनच का बदललं ते नीट विचार. घराण्यात काही वेडबिड, दारूबिरू नाही ना, ते बघ."

पुण्यात ही चौकशी सोपी असते. शेजारी असतात, वाणी असतो, कुणाच्या तरी जावेची मैत्रीण त्याच बिल्डिंगमध्ये राहत असते. इथे माणसं सहा महिन्यांसाठी विमानातून उतरतात, आणि सोबत जेवढं सांगायचं तेवढंच घेऊन येतात.

मी त्यांना जेवायला बोलावलं.

मुलाचे वडील साठीच्या अलीकडचे, सडपातळ, ताठ. भांग काटेकोर. त्यांची पत्नी बोलकी, पण बोलताना सारखी नवऱ्याकडे बघायची. मला ते लगेच खटकलं. क्लेममध्ये बायको नवऱ्याकडे बघत बोलायला लागली की मी पेन उघडते.

जेवणाआधी माझ्या नवऱ्याने नेहमीचा प्रस्ताव मांडला. त्याने दोन हिवाळे खपून आमचं बेसमेंट स्वतः तयार केलं होतं. भिंतींना लाकडी पॅनेल, खाली कार्पेट, टेबल टेनिस, कोपऱ्यात बार. आलेल्या पाहुण्याला खाली नेऊन दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आमच्या ओळखीतल्या सगळ्या मराठी घरांत हीच पद्धत होती. वरचा दिवाणखाना सोफ्यावरची चादरही न हलवता तसाच राहायचा, आणि गणपतीपासून वाढदिवसापर्यंत सगळं खाली.

"चला, आधी बेसमेंट बघा," नवरा म्हणाला.

सगळे उठले. मुलाचे वडील मागच्या अंगणाकडच्या पॅटिओच्या दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. ते उठले नाहीत.

"तुम्ही व्हा पुढे. माझा गुडघा जरा त्रास देतो."

"ह्यांचा गुडघा ना, जिन्याने दुखतो," पत्नी लगेच म्हणाली. जरा फारच लगेच.

माझ्या नवऱ्याचा एक मित्र त्या दिवशी आला होता. तो पूर्वी मर्चंट नेव्हीत होता, आता ट्रकच्या कंपनीत काम करायचा, पण समुद्र त्याच्या बोलण्यातून गेला नव्हता. तो म्हणाला, "अरे काय कमांडरसाहेब! पाणबुडीत राहिलात आणि आमच्या बेसमेंटला घाबरता? आमचं तर त्याहून मोठं आहे. शिवाय बारसुद्धा!"

"म्हणूनच," ते हसून म्हणाले. "आयुष्यभराचं खाली राहणं तेव्हाच करून झालं."

सगळे हसले आणि खाली गेले. मी वरण गरम करायला मागे राहिले. पॅटिओचं सरकतं दार हातभर उघडं होतं. बाहेर उकडत होतं, आत एसी चालू, आणि डास यायला लागले होते. मी जाऊन ते बंद केलं. भाताचा कुकर उतरवून परत बघते, तर दार पुन्हा हातभर उघडं. ते खुर्चीत तसेच बसले होते, हात मांडीवर, अंगणातल्या मेपलकडे बघत. मी मनात नोंद केली.

पाहुणे गेल्यावर मित्र भांडी पुसायला थांबला.

"वहिनी, एक सांगू? पाणबुडीत कुणाला ढकलत नाहीत. लोक स्वतःहून जातात, निवडून घेतात. हा म्हणतो, अगदी सुरुवातीच्या लोकांबरोबर रशियात जाऊन शिकून आलो. एवढा खर्च केलेल्या माणसाला नेव्ही पाणबुडीतून सोडेल कशाला? आणि तोही विमानाला? तिशीत? नो चान्स यार. एक तर हाकललाय, नाही तर फेकतोय."

"तुला काय वाटतं?"

"फेकतोय. पाणबुडीतल्या माणसाला गुडघा परवडतच नाही. तिथे शिडीशिवाय काही नसतं."

पुढच्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. आवाज खूश होता.

"चौकशी केली. आपल्या भिशीतल्या एकीची बहीण त्यांच्याच बिल्डिंगमध्ये. माणसं चांगली आहेत. भांडण नाही, तंटा नाही. आणि बाप असा ठणठणीत, की साठीला आला तरी चौथ्या मजल्यावर रोज जिन्याने जातो. लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही. नेव्हीची शिस्त!"

"जिन्याने?"

"दिवसातून चारदा म्हणे. का गं?"

"काही नाही," मी म्हणाले. फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहिले. चार मजले जिन्याने चढणारा गुडघा माझ्या बेसमेंटच्या पायऱ्या उतरत नव्हता. गुडघा खोटा होता, यात आता शंका नव्हती. आणि एक गोष्ट खोटी असली, की तिच्या मागे दुसरी असतेच. सोफ्याच्या क्लेमच्या मागे नेहमी कार्पेटचा असतो.

मी ढोकळा केला आणि डबा घेऊन मुलाच्या अपार्टमेंटवर गेले. मुद्दाम अशा वेळी गेले, जेव्हा ते दोघं बाजारातून परत येतील. खाली लॉबीतच भेटले. दोन्ही हातांत दुधाचे गॅलन. लिफ्ट उघडली. पत्नी आत गेली, मीही गेले.

"तुम्ही या," ते म्हणाले, "मी आलोच जिन्याने."

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, तर ते पुढे उभे. दम लागलेला नाही. मी पत्नीकडे बघितलं. ती किल्ली शोधत होती. पर्स उघडीच होती आणि किल्ली वरच दिसत होती, तरी शोधत होती.

"गुडघा बरा दिसतोय," मी म्हणाले.

"कधी बरा, कधी नाही," ती म्हणाली. मग एकदम, "ताई, तुम्ही ऑफिसात लोकांची छपरं तपासता ना? इथे माणसं तपासायला आलात का?"

"ढोकळा द्यायला आले," मी म्हणाले. तिने डबा घेतला. चहा विचारला नाही.

संध्याकाळी भाचीला हे कळलं. ती कारची किल्ली टेबलावर आपटून माझ्यासमोर उभी राहिली.

"मावशी, तू त्यांचा क्लेम उघडलायस का?"

"उघडलाय."

"रिजेक्ट करणार?"

"इन्स्पेक्शन बाकी आहे."

"त्याची आई आज त्याला म्हणाली, असं असेल तर हे लग्न नको. इट्स नॉट फनी, मावशी. तू काही शोधून काढलंस आणि आईला कळवलंस, तर आई नाही म्हणेल. आणि आई नाही म्हणाली की मी काय करणार? पळून जाऊन मॅरेज लायसन्स घेणार?"

"काही नसेल तर काही निघणार नाही."

"आणि असेल तर?"

मी टेबलावरची तिची किल्ली उचलून खुंटीला लावली. ती खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या मुलीच्या लग्नाचा निकाल आता एका गुडघ्यावर येऊन थांबला होता, आणि तो तसाच सोडून देणं मला जमणारं नव्हतं. अर्धवट संशय घेऊन केलेली सोयरीक म्हणजे ओल्या भिंतीवर रंग.

मी मुलाच्या आईला फोन करून सरळ माफी मागितली, आणि दिवाळीच्या साड्यांसाठी दोघांना डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारात नेते म्हणाले. साड्यांपुढे तिचा राग टिकला नाही. ऑक्टोबरचा शनिवार होता. थंडी पडायला लागली होती. मुलाचे वडील पुढे माझ्या शेजारी बसले, ती मागे शाल गुंडाळून. हायवेवर त्यांनी आपल्या बाजूची काच दोन बोटं खाली केली. हीटर चालू, काच उघडी, आणि मागे बायको एक अक्षर न बोलता शालीचं टोक कानावर ओढते. म्हणजे हे रोजचं होतं.

डेव्हनवर शनिवारी पार्किंग मिळत नाही. साडीच्या दुकानासमोर मी तिला उतरवलं आणि आम्ही दोघं जागा शोधत फिरायला लागलो. बस पुढे, बसच्या मागे डबल पार्क केलेली व्हॅन, व्हॅनच्या मागे आम्ही. मला हवं तेच मिळालं. अडकलेल्या गाडीतून माणूस उठून जाऊ शकत नाही.

मित्राने मला नेव्हीचे दोन-तीन अवघड प्रश्न शिकवून ठेवले होते. ते मी विचारलेच नाहीत. मला त्यांची उत्तरं खरी का खोटी ते कळलं नसतं. मी मला कळणारं विचारलं.

"पाणबुडीत स्वयंपाक कोण करायचं?"

ते चकित झाले. "कुक असायचा. का?"

"फोडणीचा वास कुठे जायचा?"

आणि माणूस खुलला. म्हणाले, वहिनी, तोच तर प्रश्न. वास जात नाही. तळण केलं की ते सगळ्यांच्या अंथरुणात राहायला येतं. बॅटऱ्या चार्ज करायला वर आलो, इंजिनं चालू झाली, हवा खेळायला लागली, की कुक ओरडायचा, "फोडणी!" आणि दिवसभराची फोडणी तेव्हा द्यायची. रशियात ट्रेनिंगला असताना कोबीचं सूप आणि काळा पाव. त्यामुळे परत आल्यावर पहिल्या फोडणीला एक जण रडला होता. तिकडे सगळं रशियनमध्ये शिकले. आधी भाषा, मग मशीन. डोळ्यांवर पट्टी बांधून प्रत्येक व्हॉल्व्ह हाताने शोधायचा, कारण दिवे गेले तर शोधता आला पाहिजे. ते अजूनही झोपेत रशियन आकडे मोजतात, असं बायको म्हणते. आंघोळ नाही, गोडं पाणी मोजून. डिझेलचा वास तर असा, की लग्न झाल्यावर बायकोने त्यांचे कपडे घरात येऊ दिले नाहीत, बाहेरच्या तारेवर वाळत घालायची.

हे सांगताना ते कुठेही अडखळले नाहीत, मध्येच मागे जात होते, पुढे येत होते, एका माणसाचं नाव आठवेना म्हणून चिडत होते. फेकत नव्हते. मित्राचा 'फेकतोय' गेला. राहिला 'हाकललाय'.

मी ब्लिंकर लावला, आणि शेवटाकडून सुरुवात केली.

"शेवटच्या दिवशी पाणबुडीतून उतरलात, तेव्हा निरोपाला कोण होतं?"

बस सरकली, मी सरकले.

"कुणी नव्हतं."

"का?"

"वहिनी, तुम्हाला माझा गुडघा माहीत आहे."

"हो."

त्यांनी काच आणखी खाली केली. बाहेरून मिठाईच्या दुकानातला तुपाचा वास आला.

"काही झालं नव्हतं," ते म्हणाले. "हेच कुणाला पटत नाही. अपघात नाही, आग नाही, पाणी नाही. नेहमीसारखे निघालो. वरचं झाकण बंद झालं. तो आवाज मी शेकडो वेळा ऐकला होता. त्या दिवशी तो बंद झाला, आणि मला श्वास घेता येईना. हात काम करत होते, तोंडाने ऑर्डर देत होतो, कुणाला काही कळलं नाही. वर आलो, ठीक. पुढच्या वेळी पुन्हा. त्याच्या पुढच्या वेळी निघायच्या आदल्या दिवसापासून."

"मग?"

"लपवलं. बरेच दिवस. मग एक दिवस मनात आलं, खरंच दिवे गेले, आणि तेव्हा माझे हात थांबले तर? तिथे माझ्या जागी दुसरा कुणी तरी पाहिजे. जाऊन कॅप्टनला सांगितलं."

"तुम्ही स्वतः?"

"दुसरं कोण सांगणार? दिसत तर नव्हतं काही."

त्यानंतर डॉक्टर, तपासण्या, किनाऱ्यावर टेबल आणि खुर्ची. तिथे बसून असताना विमानवाल्यांपैकी एक वरिष्ठ आले. म्हणाले, आम्हाला पाणबुड्या शोधायच्या असतात, आणि आमच्यापैकी एकालाही पाणबुडी आतून माहीत नाही. तू येतोस का? वयाने लहान पोरांबरोबर बसून त्यांनी नवा कोर्स केला. जहाजावरून उडणाऱ्या विमानात पायलटच्या मागे बसायचं, यंत्रांवर नजर ठेवायची, समुद्रात लपलेली पाणबुडी शोधायची.

"तेही विमान लहानच असेल की," मी म्हणाले. माझा संशय अजून गेला नव्हता. "तिथे श्वास नाही कोंडला?"

"खिडकी होती."

"बास? खिडकी?"

"पाटीएवढी. पण होती." मग जरा थांबून, "भीती वाटायची. जहाजावर उतरताना सगळ्यांनाच वाटते. ती सगळ्यांची भीती होती. खालची फक्त माझी होती."

शोधायचे कसे, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, यंत्र सांगतं ते सगळे बघतात. मी आधी विचार करायचो, मी खाली असतो तर आत्ता कुठे लपलो असतो. सरावात त्यांनी आपल्याच जुन्या बोटीला पुन्हा पुन्हा पकडलं. एकदा पार्टीत जुन्या कॅप्टनने सगळ्यांदेखत म्हटलं, घरभेदी साला! आणि मिठी मारली.

हे सांगताना ते हसले. मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच संशयाशिवाय काही तरी वाटलं. पण मी गाडी पार्क केली तरी इंजिन बंद केलं नाही.

"मुलाला माहीत आहे?"

"नाही. ह्याच्या आत्याच्या लग्नाच्या वेळी कुणी तरी बोललं, भावाच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून पाणबुडीतून काढला. ती सोयरीक मोडता मोडता राहिली. तेव्हापासून गुडघा. गुडघा हा बायकोचा शोध. गुडघा म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही."

"मी विचारलं."

"हो. तुम्ही विचारलंत."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पुढच्या रविवारी बैठक आहे. त्याआधी मुलाला आणि माझ्या भाचीला तुम्ही स्वतः सांगा. लग्नानंतर कळलं तर त्याला फसवणूक म्हणतात, आधी सांगितलं तर माहिती. तुम्ही नाही सांगितलंत, तर मला माझ्या बहिणीला सांगावं लागेल, आणि मी सांगितलं तर ते तुमच्याइतकं चांगलं सांगता येणार नाही.

त्यांनी मान हलवली. पण मान बरेच लोक हलवतात.

आठवडा गेला. बहिणीचे दोन फोन आले. मी म्हणाले, रविवारी सांगते. गुरुवारी मुलगा जेवायला आला, आणि भाताला दही घेत म्हणाला, "मावशी, बाबांच्या गुडघ्याला इथे कुणी स्पेशलिस्ट आहे का? एक्स-रे काढून टाकू."

म्हणजे सांगितलं नव्हतं.

"बघते," मी म्हणाले.

रविवारी माझ्या नवऱ्याने सकाळपासून बेसमेंट मांडलं. टेबल टेनिसचं टेबल घडी करून भिंतीला, खाली पांढऱ्या चादरी, नारळ, सुपारी, पेढ्यांचं ताट. मी त्याला थांबवू शकले असते. वर दिवाणखान्यात बसू म्हटलं असतं, तर संपलं असतं. मी म्हटलं नाही. मला बघायचं होतं.

ते तिघं आले. मित्र आधीच खाली बसून पेढ्यांच्या ताटावर लक्ष ठेवून होता. मुलगा आणि भाची खाली उतरली. मुलाची आई दोन पायऱ्या उतरून थांबली. वडील वरच्या पायरीवर, चौकटीला हात लावून.

"ह्यांचा गुडघा," ती म्हणाली. आज ती माझ्याकडेही बघत नव्हती.

"बाबा, मी धरतो, हळूहळू या," मुलगा खालून वर यायला निघाला.

"थांब. तिथेच थांब," ते म्हणाले. "गुडघ्याला काही झालेलं नाही."

"अहो," पत्नी म्हणाली.

"काही झालेलं नाही. मला खाली येता येत नाही. बंद जागेत श्वास कोंडतो. पाणबुडी त्यासाठीच सोडली, मी स्वतः सांगून सोडली. तुझ्या जन्माच्या आधी. हे सांगायचं राहिलं होतं." मग भाचीकडे बघून, "तूही ऐकलंस ना? तुला नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण. मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण चालेल."

बेसमेंटमधला पाण्याचा हीटर चालू झाल्याचा आवाज तेवढा आला. मित्राने हातातला पेढा ताटात परत ठेवला. तो काही तरी बोलणार, म्हणून मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तोंड मिटलं.

मुलगा म्हणाला, "म्हणून कारची काच? हिवाळ्यात? आणि लिफ्ट? मला वाटायचं ती नेव्हीची सवय." आणि मग जरा रागाने, "मला का नाही सांगितलं, बाबा?"

"तू गुडघ्यापाशी थांबलास."

सगळे भाचीकडे बघत होते. तिने वाकून नारळाचं ताट उचललं, वर पेढ्यांचं ठेवलं, आणि पायऱ्या चढायला लागली. वर वाटेत होणाऱ्या सासूबाई उभ्या होत्या.

"काकू, जरा सरका ना. ताट जड आहे."

"कुठे निघालीस?" माझा नवरा म्हणाला. "मी सकाळपासून इथे..."

"वर, काका. पॅटिओ उघडा, नाही तर गराज. ह्याचे बाबा नसतील तर बैठक कशी होणार?"

"गराजमध्ये?" मित्र म्हणाला. "वहिनी, लोक म्हणतील जुन्या सामानाचा गराज सेल चाललाय."

पण तोच चादरी गोळा करून पहिला वर गेला. बाहेर वारा बोचरा होता, म्हणून पॅटिओ सोडून गराजच करावं लागलं. गाडी बाहेर काढली, मोठं दार पूर्ण वर उचललं, स्नो ब्लोअर कोपऱ्यात ढकलला, आणि मोटर ऑइलच्या डब्यांशेजारी बैठक झाली. समोरचा म्हातारा शेजारी कुत्रा फिरवताना दोनदा येऊन गेला. मुलाचे वडील दाराच्या अगदी कडेला खुर्ची टाकून बसले होते, अर्धे आत, अर्धे ड्राइव्हवेवर. त्यांच्याकडे मी मधूनमधून बघत होते. सवय जात नाही. ते एकदाही गुडघ्याला हात लावत नव्हते.

मुलाच्या आईने मला पेढा दिला. "ताई, झालं तपासून?" तिने विचारलं. आवाजात धार होतीच, पण पेढा अख्खा होता.

"झालं," मी म्हणाले.

पाहुणे गेल्यावर मी पुण्याला फोन लावला. भाची माझ्या शेजारी जिन्याच्या पायरीवर बसली होती, हनुवटी गुडघ्यावर. मी तिला जा म्हटलं नाही.

"बोल," बहीण म्हणाली. "चौकशी झाली?"

"झाली."

"काय निघालं?"

मी सांगितलं. जसं त्यांनी सांगितलं तसं, कमी नाही, जास्त नाही. पाणबुडीत बंद जागेचा त्रास व्हायला लागला. कुणाला कळत नव्हतं. स्वतःच जाऊन सांगितलं, कारण बाकीच्यांच्या जिवाला धोका नको. मग विमानात गेले, आणि तिथे उरलेली नोकरी चांगली केली. आज पोरांना सगळ्यांसमोर सांगितलं.

कार्डाची मिनिटं जात होती. आम्ही दोघी एरवी एक सेकंद वाया घालवायचो नाही.

"म्हणजे वेडबिड..."

"नाही. दार उघडं लागतं, एवढंच."

"तुला खात्री आहे?"

"मी बघितलंय."

भाचीने मान वर केली. मी हाताने तिला थांब म्हणून खुणावलं. बहिणीच्या घरात मागे कुठे तरी कुकरची शिट्टी झाली, आणि ती कुणाला तरी ओरडली, गॅस बारीक कर. मग परत फोनवर आली.

"ऐक. इथलं ते कार्यालय मी बघून ठेवलं होतं ना, तळमजल्यावरचं, एसी हॉल? ते कॅन्सल करते. त्याला एकही खिडकी नाही."